एकाच नॅनोकणावर चार प्रतिमातंत्रे बसवावीत का? गाठ टिपणाऱ्या लोह ऑक्साइड प्रोबबाबत मार्गदर्शन हवे

लोहकण, ठाणे पूर्व

नमस्कार. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले असून सध्या पीएच.डी.साठी संशोधन-प्रस्ताव लिहीत आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी फेरस आणि फेरिक क्षारांच्या द्रावणात अमोनिया सोडून लोह ऑक्साइडचे नॅनोकण तयार केले होते आणि त्यांवर डेक्स्ट्रान या शर्करेच्या लांब साखळीचे आवरण चढवले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गाभा साधारण १० नॅनोमीटरचा दिसतो. पाण्यात, आवरणासह, हाच कण ४० नॅनोमीटरच्या आसपास भरतो.

प्रस्तावात मी याच कणाला कर्करोगाच्या गाठीचा प्रोब (गाठ शोधून दाखवणारा कण) बनवण्याची कल्पना मांडली आहे. लोहामुळे तो एमआरआयमध्ये दिसेल, वर सोन्याचा पातळ थर दिला तर सीटीमध्ये दिसेल, अवरक्ताच्या जवळचा प्रकाश देणारा रंग जोडला तर प्रतिदीप्तीने दिसेल आणि तांबे-६४ हे किरणोत्सारी तांबे जोडले तर किरणोत्सार टिपणाऱ्या पेट स्कॅनमध्ये दिसेल. गाठीच्या पेशींनी तो ओळखावा म्हणून पृष्ठभागावर फोलिक आम्ल असेल. प्रयोग उंदरांमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या गाठींवर करायचे आहेत.

ज्या प्राध्यापकांकडे मी हा मसुदा घेऊन गेले, त्यांनी तो वाचून एवढेच विचारले की, "गाठ चार वेळा दिसली, म्हणजे एकदा दिसण्यापेक्षा काय जास्त कळले?" प्रत्येक तंत्राचे गुणदोष मला सांगता येतात; मात्र या प्रश्नाला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. या चारांपैकी काय ठेवावे आणि काय काढावे, तंत्रांची संवेदनक्षमता इतकी वेगवेगळी असताना एकच डोस कसा ठरवावा आणि असे बहुतंत्री कण माणसांपर्यंत कधी पोहोचले आहेत का, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

चुंबकी, खारघर

माझे काम एमआरआयचे आहे, त्यामुळे मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचे उत्तर लागले की पहिल्याचे बरेचसे आपोआप लागते.

आपल्याच कणाचा हिशेब करून पाहू. २० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे १० मिलिग्रॅम लोह या प्रमाणात कण टोचले, तर एकूण ०.२ मिलिग्रॅम लोह गेले. १० नॅनोमीटर व्यासाच्या मॅग्नेटाइटच्या गाभ्यात ढोबळमानाने २० हजार लोह-अणू असतात. म्हणजे त्या एका टोचणीत सुमारे १०० लाख कोटी कण आहेत. आता तांबे-६४ कडे पाहा. उंदराच्या पेट स्कॅनला ५ मेगाबेकरेल (किरणोत्साराचे एकक) पुरेसे होतात आणि १२.७ तासांचे अर्धायुष्य धरले तर तेवढ्या किरणोत्साराला सुमारे ३३ हजार कोटी अणू लागतात. भागाकार केला, तर साधारण तीनशे कणांपैकी एकावरच तांब्याचा एक अणू आहे आणि उरलेले सगळे पेटच्या दृष्टीने अस्तित्वातच नाहीत. पेटला त्या एकाने भागते. एमआरआयला मात्र तीनशेच्या तीनशे लागतात.

पुढे गाठीत काय पोहोचते ते पाहू. टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेला वाटा मध्यकाने ०.७ टक्का निघाला. आपण उदार मनाने १ टक्का धरू. २०० मिलिग्रॅमच्या गाठीत २ मायक्रोग्रॅम लोह पोहोचले, म्हणजे ऊतीच्या ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम, अर्थात लिटरमागे ०.१८ मिलिमोल. एमआरआयचा संकेत किती वेगाने विझतो त्याचे माप म्हणजे आर-२; ते वाढवण्याची अशा कणांची क्षमता (आर-२ शिथिलनक्षमता) मिलिमोलमागे १०० च्या आसपास धरली, तर गाठीचा आर-२ १८ प्रति सेकंद इतका वाढेल. गाठीचा मूळ आर-२ पंधरा-वीसच्या घरात असतो. त्यामुळे ती जागा डोळ्यांना स्पष्टपणे काळी पडलेली दिसेल. डोस शंभरावा हिस्सा केला, तर हीच वाढ ०.१८ होईल आणि ती गोंगाटात बुडून जाईल. किरणोत्सार तेवढाच ठेवला असेल, तर पेटचे चित्र मात्र तेव्हाही निघेल.

म्हणून डोस एमआरआयच्या गरजेप्रमाणे ठरवावा आणि त्यातल्या थोड्या कणांवर किरणोत्सारी लेबल ठेवावे, हे सरळ उत्तर झाले. एमआरआयसाठी मोठा डोस आणि पेटसाठी निराळ्या दिवशी अगदी लहान डोस, असे वेगवेगळे प्रयोग करून त्यांची चित्रे शेजारी शेजारी छापण्याचा मोह मात्र टाळावा. चॅन यांच्याच गटाने २०२० मध्ये दाखवले की, उंदरात सुमारे १ लाख कोटी कणांचा उंबरठा ओलांडला, की यकृतातील कुप्फर पेशींची कण गिळण्याची ताकद संपू लागते, रक्तात कण जास्त वेळ टिकतात आणि गाठीतील वाटा वाढतो. आपला एमआरआयचा डोस या उंबरठ्याच्या बराच वर आहे, तर केवळ पेटपुरता डोस त्याच्या खाली राहू शकतो. रासायनिक दृष्ट्या कण तोच असला, तरी दोन डोसांत त्याची शरीरातली वागणूक सारखी राहीलच असे नाही.

सोन्याबद्दल थोडक्यात लिहितो. सीटीमध्ये नजरेत भरण्याइतका फरक पडायला ऊतीच्या मिलिलिटरमागे मिलिग्रॅमच्या आसपास जड मूलद्रव्य लागते. आपल्याकडे ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम पोहोचत आहे. शंभरपट तूट आहे. सोन्याचा थर काढून टाका. शिवाय सोन्याच्या पृष्ठभागाला अगदी लगटून बसलेल्या रंगाची प्रतिदीप्ती विझते, म्हणजे सीटी तर मिळणार नाहीच, वर हातचा प्रकाशही जाईल.

जुना रेडिओकेमिस्ट, वाशी

चुंबकी यांचे गणित योग्य आहे. त्यात न आलेली एक बाजू मी मांडतो, कारण बहुतंत्री कणांवरचे निबंध तपासताना मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट तीच आहे. पेट किंवा स्पेक्टच्या (गॅमा किरण टिपणाऱ्या तशाच तंत्राच्या) चित्रात कण दिसत नाही. दिसते ते लेबल. रेल्वेत सामानाला बांधलेली चिठ्ठी सुटली, तर चिठ्ठी जिथे सापडली तिथेच सामान आहे, असे कोणी धरून चालत नाही. नॅनोकणांच्या बाबतीत मात्र तसे सर्रास धरले जाते.

सुटलेले लेबल कुठे जाते, हे प्रत्येक समस्थानिकाचे ठरलेले असते. झिर्कोनियम-८९ सुटले तर हाडांत साठते. फ्लोरिन-१८ फ्लोराइड म्हणून सुटले तर तेही हाडांत जाते. आयोडिन-१२४ थायरॉइडकडे धावते. तांबे सुटले तर यकृतातील प्रथिने त्याला पकडतात. आता आपली अडचण ध्यानात घ्या. डेक्स्ट्रानचे आवरण असलेला ४० नॅनोमीटरचा कणही मुख्यतः यकृतात आणि प्लीहेतच जाणार आहे. यकृत उजळले, तर ते कणामुळे की सुटलेल्या तांब्यामुळे, हे चित्रावरून कोणालाही सांगता येणार नाही. झिर्कोनियमच्या बाबतीत गडबड झाली तर हाडे उजळून चुगली करतात. तांब्याच्या बाबतीत गडबड नेमकी तिथेच लपते जिथे कण असणे अपेक्षित आहे. तांबेच वापरायचे असेल, तर निदान डोटाऐवजी नोटा कुळातला कीलेटर (धातूचा अणू धरून ठेवणारा रेणू) घ्या, कारण डोटा तांब्याला शरीरात तितके घट्ट धरून ठेवत नाही.

आपण ठाण्यात आहात, म्हणून एक व्यावहारिक पर्याय सुचवतो. टेक्नेशियम-९९एम हे समस्थानिक आपल्याकडे जनरेटरमधून (मूळ किरणोत्सारी मूलद्रव्यापासून ते वेगळे काढणाऱ्या उपकरणातून) रोज मिळते आणि त्याच्याशी जोडायच्या औषधांचे कोरे संच तयार करण्याचे काम वाशीतल्या विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाच्या संकुलात अनेक वर्षांपासून चालते. त्याचे अर्धायुष्य ६ तासांचे आहे, त्यामुळे २४ तासांनी सोळावा हिस्सा शिल्लक राहतो आणि तेवढ्यावर मोजणी होऊ शकते. गॅलियम-६८ देखील जनरेटरमधून मिळते. पण त्याचे अर्धायुष्य ६८ मिनिटांचे असल्याने २४ तासांत २१ अर्धायुष्ये उलटतात, म्हणजे वीस लाखांतला एक भागही मुश्किलीने उरतो. तासन्‌तास रक्तात फिरणाऱ्या कणाला असले घाईचे लेबल लावून उपयोग नाही. टेक्नेशियम घेतले तर पेटऐवजी स्पेक्ट करावे लागेल, हे खरे आहे. उंदरासाठी असलेल्या पिनहोल स्पेक्टचे विभेदन मात्र उत्तम असते, त्यामुळे हा तोटा मानू नये.

टेक्नेशियमही आपली चुगली स्वतःच करते. सुटून परटेक्नेटेट झाले तर थायरॉइड, जठर आणि लाळग्रंथी उजळतात. पण त्यात दुसरी एक मेख आहे आणि ती नवख्यांना हमखास चकवते. स्टॅनस क्लोराइडने क्षपण करताना थोडे टेक्नेशियम जलविघटित होऊन कलिल (द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) बनते. हे कलिल घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर आरंभबिंदूलाच बसून राहते आणि आपला नॅनोकणही तिथेच बसतो. पट्टीवर ९५ टक्के लेबलिंग दिसते आणि त्यात कलिल किती, कण किती, हे कळत नाही. भरीस भर म्हणजे हे कलिलही यकृतातच जाते. म्हणून कण न घालता, बाकी सर्व तसेच ठेवून, लेबलिंगची एक कोरी क्रिया करा आणि आरंभबिंदूवर किती उरते ते पाहा. त्यानंतर खरे मिश्रण आकारानुसार वेगळे करणाऱ्या स्तंभातून गाळून प्रत्येक अंशातले लोह आणि किरणोत्सार दोन्ही मोजा. दोन्हींची शिखरे एकावर एक आली, तरच कणाला लेबल लागले असे म्हणता येईल.

लोहकण, ठाणे पूर्व

चुंबकी सर, रेडिओकेमिस्ट सर, मनापासून आभार. सोन्याचा थर काढून टाकते आहे. तांब्याऐवजी टेक्नेशियमचा विचारही पटला.

माझी एक शंका आहे. लेबल फसवते, तर अवयव काढून त्यांतले लोह थेट आयसीपी-एमएसने (मूलद्रव्यांचे सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) मोजले तर चालणार नाही का? आणि लेबल व लोह दोन्ही एकत्र मोजता येत असतील, तर प्रतिदीप्त रंगाची गरज उरते का?

जुना रेडिओकेमिस्ट, वाशी

लोह मोजता येईल. पण ज्या मूलद्रव्याने उंदीर आधीच भरलेला आहे, तेच आपण मोजायला निघाला आहात. उंदराच्या रक्तात मिलिलिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. २० ग्रॅमच्या उंदरात दीड मिलिलिटर रक्त धरले, तर नुसत्या रक्तातच पाऊण मिलिग्रॅम लोह होते आणि आपला संपूर्ण डोस ०.२ मिलिग्रॅमचा आहे. यकृत आणि प्लीहा ही तर लोहाची कोठारेच. गाठीत पोहोचलेले २ मायक्रोग्रॅम या पार्श्वभूमीतून वेगळे काढणे अवघड जाते. गाठीत राहिलेले रक्तच तो आकडा बिघडवायला पुरेसे आहे.

कण आणि लेबल एकत्र आहेत का, याची खात्री स्तंभावर आणि रक्तद्रवात करून घ्या. उंदराच्या किंवा माणसाच्या रक्तद्रवात ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवून त्या दोघांची फारकत होते का ते पाहा. ती होत नसेल, तर शरीरातला हिशेब लेबलवर सोपवायला हरकत नाही. रंगाविषयी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी बोलावे.

डोके-मान शल्यचिकित्सक, ठाणे

आपल्या प्राध्यापकांचा प्रश्न मला फार आवडला, कारण शस्त्रक्रियागृहात आम्ही रोज तोच विचारतो. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण तंबाखू किंवा मिश्रीमुळे गालाला, जिभेला अथवा हिरडीला गाठ झालेले असतात. त्यांची गाठ कुठे आहे हे शोधायला मला नॅनोकणाची गरज पडत नाही. तोंड उघडले की ती दिसते. मला दोन गोष्टी कळत नाहीत. पहिली म्हणजे मानेतल्या लसीका ग्रंथींत तिचा सूक्ष्म अंश पोहोचला आहे का आणि दुसरी म्हणजे कापताना तिची कड नेमकी कुठे संपते.

पहिल्या प्रश्नाचे वजन किती आहे, ते शेजारच्या मुंबईतल्या एका अभ्यासातून कळते. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तीत तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगासाठी मानेतील ग्रंथी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणून आम्ही ग्रंथी काढतो. पण यातल्या बऱ्याच रुग्णांच्या ग्रंथींत पुढे तपासणीत काहीच सापडत नाही आणि खांद्याच्या हालचालीचा त्रास मात्र त्यांना भोगावा लागतो. गाठीतून लसीका सर्वांत आधी ज्या ग्रंथीकडे जाते, ती सेंटिनेल ग्रंथी अचूक सापडली, तर तेवढीच काढून तपासता येते.

बहुतंत्री कण माणसांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचला तो इथे. नेदरलँड्समधील कर्करोग संस्थेच्या गटाने अल्ब्युमिनच्या नॅनोकलिलाला टेक्नेशियम-९९एम आणि इंडोसायनिन ग्रीन हा अवरक्तात चमकणारा रंग असे दोन्ही जोडून तो रुग्णांमध्ये वापरला. गाठीभोवती टोचल्यावर आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी स्पेक्ट-सीटीने ग्रंथीचा नकाशा मिळतो, शस्त्रक्रियेत गॅमा प्रोबच्या (किरणोत्सार मोजून आवाज करणाऱ्या उपकरणाच्या) आवाजाने तिच्याजवळ जाता येते आणि शेवटचा सेंटिमीटर या रंगाच्या अवरक्त चमकेने पार करता येतो. येथे दोन तंत्रे कशाला, याचे उत्तर मी दाखवू शकतो. जिभेखालच्या तोंडाच्या तळाला गाठ असेल, तर टोचल्याची जागा आणि ग्रंथी इतकी जवळजवळ असतात की टोचलेल्या जागेच्या किरणोत्सारात ग्रंथीचा आवाज पूर्णपणे बुडून जातो. गॅमा प्रोब तिथे निरुपयोगी ठरतो आणि प्रकाश कामी येतो. उलट, तो प्रकाश ऊतीतून सेंटिमीटरभरापेक्षा फारसा खोल पोहोचत नाही. त्यामुळे मानेच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या पातळीवर कापायचे, हे प्रकाश सांगू शकत नाही. ते किरणोत्सारच सांगतो. एकाचा आंधळा कोपरा दुसऱ्याने भरून काढला, म्हणून दोघांनाही जागा मिळाली.

संपूर्ण बहुतंत्री नॅनोकण शिरेतून टोचण्याचे उदाहरण म्हणजे कॉर्नेल विद्यापीठातील उलरिश वीझनर यांच्या प्रयोगशाळेत जन्मलेले सिलिकाचे सी डॉट्स. सहा-सात नॅनोमीटरचा कण, आत प्रतिदीप्त रंग, बाहेर गाठीच्या रक्तवाहिन्यांकडे ओढ असणारे पेप्टाइड आणि आयोडिन-१२४. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०११ मध्ये मानवी चाचणीला परवानगी दिली आणि न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातील मिशेल ब्रॅडबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलानोमा पसरलेल्या ५ रुग्णांवरील पहिले निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. कण मूत्रावाटे बाहेर पडले आणि विषबाधा दिसली नाही. आपल्या ४० नॅनोमीटरच्या कणाला ही वाट बंद आहे, कारण मूत्रपिंडातून सहज गाळले जाण्याची मर्यादा साधारण साडेपाच-सहा नॅनोमीटरच्या आसपास आहे. आपला कण यकृतात जाणार आणि तिथे तो हळूहळू विघटित होईल. लोह शरीराच्या साठ्यात मिसळून जाते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

आता थोडे कटू लिहितो. कड दाखवण्याच्या कामात नॅनोकणाला लहान रेणूंशी स्पर्धा करावी लागते. मेंदूतील ग्लायोमा या गाठीसाठी, गाठीला चमक आणणारे अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल अमेरिकेत २०१७ पासून मंजूर आहे आणि फोलिक आम्लाच्याच ओढीवर चालणारे, अवरक्ताच्या जवळ चमकणारे पॅफोलासियानिन २०२१ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. आपण ज्या फोलेट-ग्राहकामागे (फोलिक आम्ल पकडणाऱ्या पेशीवरील प्रथिनामागे) आहात, त्याच्यामागे एक लहान रेणू आधीच शस्त्रक्रियागृहात पोहोचला आहे. तो काही तासांत गाठीत जातो आणि बाकी शरीरातून निघून जातो. ४० नॅनोमीटरचा कण त्याच्यापेक्षा काय अधिक देतो, हा प्रश्न मुलाखतीत तुम्हाला विचारला जाईलच.

चुंबकी, खारघर

डॉक्टरांचा शेवटचा परिच्छेद बरोबर आहे. पण त्यातून कण निरुपयोगी ठरतो असे मला वाटत नाही. कणाचे बलस्थान दुसरीकडे आहे. भक्षक पेशी त्याला गिळतात. गाठीपर्यंत पोहोचू पाहणाऱ्याला हा शाप वाटतो, पण ग्रंथींच्या बाबतीत २००३ च्या एका अभ्यासात नेमक्या याच गोष्टीचा उपयोग करून घेतला होता. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ८० रुग्णांना डेक्स्ट्रानने मढवलेले लोह ऑक्साइडचे कण शिरेतून दिले आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय केला. निरोगी ग्रंथीतल्या भक्षक पेशींनी कण गिळले आणि ती ग्रंथी काळी पडली. जिथे कर्करोगाने जागा बळकावली होती, तो भाग पांढराच राहिला. त्या अभ्यासात नुसत्या एमआरआयने ग्रंथीमागे संवेदनक्षमता (कर्करोग असलेल्या ग्रंथींपैकी ओळखता आलेल्यांचे प्रमाण) ३५.४ टक्के होती, ती कणांमुळे ९०.५ टक्के झाली. तो कण आपल्या एम.एस्सी.च्या कणाचा जवळचा नातेवाईक आहे. कण गाठीत पोहोचणे इथे गरजेचेच नव्हते.

या व्यवसायाची आर्थिक बाजूही ध्यानात असू द्यावी. यकृतासाठी १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला लोह ऑक्साइडचा पहिला कॉन्ट्रास्ट २००८ मध्ये बनवणेच बंद झाले. असेच लोह ऑक्साइडचे कण असलेले फेरुमॉक्सिटॉल २००९ मध्ये मंजूर झाले ते मूत्रपिंडाच्या रुग्णांतील रक्तक्षयावरचे औषध म्हणून. प्रतिमेसाठी ते बरीच वर्षे डॉक्टर आपल्या जबाबदारीवर वापरत होते. २०१५ मध्ये त्याच्या वेष्टनावर तीव्र ॲलर्जीचा ठळक इशारा आला. प्रस्तावात "लोह नैसर्गिक असल्याने सुरक्षित" असे एका ओळीत उरकू नका.

फाइल क्रमांक, महापे

मी औषध-नियमनाच्या कामात आहे, म्हणून थोडक्यात. प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी लागेल आणि उघडा किरणोत्सारी स्रोत हाताळायचा असेल, तर प्रयोगशाळेला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी असली पाहिजे. त्यामुळे ज्या संस्थेत दोन्ही सोयी आधीपासून आहेत अशीच निवडा. खारघरचे ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र) तुमच्या वाटेवरच आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ती वाचली की प्रत्येक जादा घटकामागे किती जादा चाचण्या येतात हे दिसेल. गाभा, आवरण, रंग, कीलेटर आणि फोलिक आम्ल सुटे सुटे सुरक्षित असले, तरी एकत्र बांधलेला कण हा नवा पदार्थ मानला जातो, आणि प्रत्येक खेपेत रंगाचे किती रेणू व कीलेटरचे किती रेणू बसले, हे सारखेच आल्याचे दाखवावे लागते. पाच घटकांच्या कणात ही सारखेपणाची अट पाळताना भलेभले थकतात.

लोहकण, ठाणे पूर्व

सर्वांचे आभार. या चर्चेनंतर मसुदा पुढीलप्रमाणे बदलते आहे. त्यात काही चुकत असेल तर सांगावे.

गाठीला शिरेतून गाठण्याऐवजी आता गाठीभोवती टोचून सेंटिनेल ग्रंथी शोधणे हा विषय घेते. सोने, तांबे आणि फोलिक आम्ल गेले. लोह ऑक्साइडचा गाभा, डेक्स्ट्रानचे आवरण आणि टेक्नेशियम-९९एम राहिले. ग्रंथी कुठे आहे हे स्पेक्टने सांगावे आणि तिच्यातला कोणता भाग कर्करोगाने व्यापला आहे हे एमआरआयने सांगावे, अशी कामाची वाटणी केली आहे. म्हणजे प्राध्यापकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे असेल की, एक तंत्र ग्रंथीची जागा सांगते आणि दुसरे तिच्या आतली स्थिती. प्रतिदीप्त रंग ठेवावा की नाही, हे अजून ठरत नाही.

डोके-मान शल्यचिकित्सक, ठाणे

ही वाटणी योग्य आहे. एका अडचणीचा विचार आधीच करून ठेवा. गाठीभोवती टोचले की ग्रंथीत कणांची गर्दी इतकी होते की एमआरआयमध्ये ती संपूर्ण काळी ठिक्कर पडते आणि आतला पांढरा भाग झाकला जातो. शिरेतून देण्याच्या त्या जुन्या अभ्यासात ही अडचण नव्हती. शिवाय कर्करोगाने ग्रंथी पूर्ण भरून गेली असेल, तर लसीकेचा प्रवाहच दुसरीकडे वळतो आणि खरी सेंटिनेल ग्रंथी रिकामी राहून शेजारची उजळते. प्रस्तावात हे स्वतःहून लिहिलेले असले, तर परीक्षकांचे समाधान होईल.

रंग पहिल्या वर्षात नको. कण आणि टेक्नेशियम जुळल्याचे सिद्ध झाल्यावर, दुसऱ्या टप्प्यात, काढलेल्या ग्रंथीचे काप तपासण्यापुरता घ्या.

चुंबकी, खारघर

काळी ठिक्कर पडण्यावर दोन उपाय आहेत. टोचायचे लोह टप्प्याटप्प्याने कमी करत जा. इथे टोचलेल्यातला बराच मोठा वाटा थेट ग्रंथीकडे वाहतो, त्यामुळे शिरेतल्या डोसाचा माझा वरचा हिशेब लागू होत नाही आणि कमी लोहातही भागते. दुसरे म्हणजे इको-वेळ (एमआरआयचा संकेत टिपण्याआधी थांबायचा वेळ) अगदी लहान ठेवून एक चित्र आणि नेहमीची ठेवून दुसरे, अशी दोन्ही घ्या. टोचण्यापूर्वीचा एमआरआय प्रत्येक उंदराचा काढलाच पाहिजे, कारण रक्तस्राव आणि हवेचे बुडबुडेही काळेच दिसतात आणि सुई टोचलेल्या जागेजवळ हे दोन्ही असू शकतात. स्पेक्टचा आणि एमआरआयचा उंदराला निजवायचा पाळणा एकच ठेवा व त्यावर दोन्हींत दिसणाऱ्या खुणा लावा, नाहीतर तीन मिलिमीटरची ग्रंथी एका चित्रातून दुसऱ्या चित्रात नेताना शेजारच्या ग्रंथीवर जाऊन बसेल.

पुढे रंग घ्याल तेव्हा ७०० नॅनोमीटरच्या आसपास चमकणारा घेऊ नका. उंदरांच्या नेहमीच्या खाद्यात लसूणघास असतो, त्यातले हरितद्रव्य जवळपास त्याच पट्ट्यात चमकते आणि पोट संपूर्ण उजळून निघते. ८०० नॅनोमीटरच्या रंगात हा त्रास बराच कमी होतो, तरीही प्रयोगाच्या आठवडाभर आधीपासून लसूणघास नसलेले खाद्य सुरू करण्याची सूचना प्राणीगृहाला लेखी द्या.